मंडईत सकाळी

सहा वाजून गेले की मंडईबाहेर टेम्पो लागतात. माल येतो गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून. घाऊक बाजार तिकडे गेला आणि मंडईकडे किरकोळ विक्री उरली. ‘उरली’ म्हणतो खरा, पण पुण्यात भाजी निवडण्याचं कसब अजून इथेच पाहावं.

एका गाळ्यावर मावशी मेथीचं पोतं सोडतात. प्रत्येक गड्डी हातात घेऊन माती झटकायची, पिवळं पान आणि गवत ओढून काढायचं, सैल झाली असेल तर पुन्हा बांधायची. मुळं आत आणि पाला बाहेर, अशी गोल रास रचतात. वरून पाण्याचा एक हलका हबका. “वजनासाठी मारता ना पाणी?” मी उगाच खवचटपणा केला. “गड्डी मोजून विकतो साहेब, वजन कुठलं? जास्त पाणी मारलं तर दुपारपर्यंत आतून काळी पडते.” काढलेला पाला पायाशी वेगळा ठेवलेला असतो, तो गाईवाला घेऊन जातो.

पूर्वी हा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरे. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी वास्तू बांधली आणि 1886 साली गव्हर्नरच्या नावाने ‘रे मार्केट’ सुरू झालं. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, हे त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचंच नाव मिळालं. पुण्याला असे टोमणे बरे जमतात. बाहेर टिळकांचा पुतळा आहे, 1924 साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवलेला. त्याच्या आसपास रंगणाऱ्या राजकीय गप्पांमुळेच लोक या जागेला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणू लागले.

आता दारावर हातगाडी येते, मोबाईलवर मागवलेली भाजी पिशवीतून येते. 2024 पासून मंडईला भुयारी मेट्रोचं स्थानकही आहे. त्याने गर्दी वाढली, पण गर्दीतला प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो, असं मावशींचं मत. मलाही ते पटतं. फोटो काढणारे पुष्कळ आणि कोथिंबीर घेणारे थोडे.

तुम्ही येणार असाल तर कापडी पिशवी घेऊन आठाच्या आत या. नंतर भाजी मिळते, निवड मिळत नाही.