इस्ट्रोजेन घातलं नव्हतं, तरी पेशी वाढल्या

बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोन संशोधक स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक मिळालं की त्या भराभर वाढतात, हे तोवर सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न होता, का वाढतात? बहुतेकांचं उत्तर असं, की इस्ट्रोजेन पेशीला वाढायला लावतं. सोटो आणि सोनेनशाइन यांचं म्हणणं वेगळं होतं. वाढणं हा पेशीचा स्वभावच आहे, रक्तातला एखादा घटक तिला आवरून धरतो आणि इस्ट्रोजेन तो आवर काढून घेतं, असं त्यांना वाटत होतं. हे तपासायचं तर पेशींना द्यायच्या सीरममधलं, म्हणजे रक्तातल्या द्रवातलं, इस्ट्रोजेन आधी पूर्ण काढून टाकायला हवं. ते काम ते कोळशाच्या भुकटीनं करत. पद्धत पक्की बसलेली होती. इस्ट्रोजेन नसेल तर पेशी जेमतेम वाढत आणि अगदी कणभर घातलं की काही दिवसांत कित्येक पट होत.

1987 च्या अखेरीस हा हिशेब बिघडला. इस्ट्रोजेन दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी सारख्याच जोमानं वाढू लागल्या. कुणाच्या तरी हातून चूक झाली, असं म्हणून ते बशा फेकून देऊ शकले असते. पण दोघांनी एकेक वस्तू बदलून पाहिली. सीरम, कोळसा, काचेची भांडी असं सगळं तपासून झाल्यावर संशय आला तो सीरम साठवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांवर. नळ्या कॉर्निंग कंपनीच्या होत्या आणि प्रयोगशाळा त्या कधीपासून वापरत होती. मधल्या काळात कंपनीनं, नळी चटकन तडकू नये म्हणून, प्लॅस्टिकमध्ये बदल केला होता. मालाचा क्रमांक मात्र तोच ठेवला होता. नवीन काय घातलं, असं विचारल्यावर ते धंद्याचं गुपित आहे, असं उत्तर मिळालं.

मग त्यांनीच ते शोधायचं ठरवलं. नळ्यांतून पाझरणारा पदार्थ वेगळा काढून, शुद्ध करून ओळखायला बराच काळ गेला. तो निघाला नोनिलफेनॉल. हा शोध 1991 साली प्रसिद्ध झाला. पॉलिस्टायरिनसारखं प्लॅस्टिक टिकाऊ व्हावं म्हणून नोनिलफेनॉल घालतात. त्याच्यापासूनच बनणारी रसायनं साबणांत, कापड प्रक्रियेत आणि कीटकनाशकांच्या मिश्रणांत वापरली जात, आणि सांडपाण्यात गेल्यावर विघटन होऊन त्यांचं पुन्हा नोनिलफेनॉल होई. म्हणजे नळीतला पदार्थ नदीतही होता.

या शोधाची खरी नायिका मला त्या पेशीच वाटतात. एमसीएफ-7 हे त्यांचं नाव. 1970 साली अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साध्वीच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून त्या घेतल्या होत्या. स्तनाचा कर्करोग तिच्या छातीत पसरला होता. डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये त्या वाढवल्या गेल्या, म्हणून नावात एमसीएफ. 1973 साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. ती साध्वी गेली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांच्यात इस्ट्रोजेनचं ग्राहक प्रथिन भरपूर असतं. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की ते प्रथिन पेशीच्या डीएनएवर जाऊन बसतं आणि वाढीशी संबंधित जनुकं कामाला लागतात. अडचण अशी, की हे प्रथिन फार चोखंदळ नाही. बाहेरून आलेला, आकारानं थोडाफार जुळणारा रेणूही ते धरून ठेवतं. ही जुळणी कच्ची असते. नोनिलफेनॉल शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत हजारो पटींनी दुबळं आहे. पण मूळ संप्रेरकाचं प्रमाणच रक्तात इतकं सूक्ष्म असतं, की ते एका मिलिलिटरमागे ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागांत मोजावं लागतं. एवढ्या नाजूक यंत्रणेत दुबळा पाहुणाही लुडबूड करू शकतो.

असा अनुभव केवळ बॉस्टनलाच आला असं नाही. त्याआधी, 1986 साली, पेशींच्या द्रावणाला गुलाबी छटा देणारं फिनॉल रेड हे नेहमीचं सूचकच इस्ट्रोजेनसारखं वागतं, असं आढळलं होतं. 1993 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड फेल्डमन यांच्या गटाला वाटलं, की यीस्टच इस्ट्रोजेनसारखं काही बनवतंय. प्रत्यक्षात ते येत होतं पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमधून. वाफेच्या उष्णतेनं निर्जंतुक करताना फ्लास्कमधलं बिस्फेनॉल-ए पाण्यात उतरत होतं. हे रसायन इस्ट्रोजेनसारखं वागतं, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी 1936 सालीच दाखवून दिलं होतं. ते औषध म्हणून मागे पडलं आणि पुढे त्याचंच प्लॅस्टिक झालं. माहिती हाताशी असूनही एवढी वर्षं कुणी दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या नाहीत, याचं मला दुःख वाटतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एमसीएफ-7 या आधीच कर्करोगाच्या पेशी आहेत. एखाद्या रसायनानं त्या वाढल्या, तर ते रसायन इस्ट्रोजेनसारखं वागतं एवढंच सिद्ध होतं. निरोगी बाईला त्यानं कर्करोग होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. शरीरात यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत, ती असे पदार्थ बाहेर टाकत असतात. प्लॅस्टिकमुळे कर्करोग होतो असं ठामपणे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात, तेव्हा ही पायरी गाळलेली असते.

मग माणसांत पुरावा कुठे मिळतो? सर्वांत ठळक पुरावा एका औषधानं दिला. बिस्फेनॉलनंतर दोनच वर्षांनी, 1938 साली, डॉड्स यांनी सहकाऱ्यांसह डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, तयार केलं. हे कृत्रिम इस्ट्रोजेन स्वस्त होतं आणि त्याचं पेटंटही घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुणीही बनवावं अशी स्थिती झाली. अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून ते गरोदर बायकांना दिलं जाऊ लागलं. 1953 साली शिकागोत झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा काही उपयोग नाही, हे दिसलं. तरी डॉक्टर ते लिहून देतच राहिले. 1971 साली बॉस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. योनिमार्गाचा एक अतिदुर्मीळ कर्करोग आठ तरुण मुलींमध्ये आढळला होता. त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनं गरोदरपणात ते देऊ नका, असा इशारा दिला. तोवर लाखो मुली या औषधाच्या सान्निध्यात जन्मल्या होत्या. त्या दुर्मीळ कर्करोगाचं प्रमाण हजारात सुमारे एक होतं. पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाळिशीनंतर या मुलींना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे 1.8 पट दिसला.

औषध आईनं घेतलं आणि आजार दोन-चार दशकांनी मुलीला झाला. किती घेतलं, याइतकंच केव्हा घेतलं, हे महत्त्वाचं ठरलं. विषशास्त्राचा सगळा भर आजवर मात्रेवर राहिला आहे. संप्रेरकांच्या बाबतीत ते अपुरं पडतं. गर्भात अवयव घडत असताना आणि वयात येताना स्तनाच्या पेशी आकार घेत असतात. त्या दिवसांतली ढवळाढवळ शरीर विसरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये हेच डीडीटी या कीटकनाशकाबाबत दिसलं. 1959 ते 1967 या काळात तिथे हजारो गरोदर बायकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. संशोधक बार्बरा कोन यांनी 2007 साली त्यातलं डीडीटी आणि पुढे पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग यांची तुलना केली. डीडीटीचा वापर 1945 च्या सुमारास वाढला. तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आत होत्या आणि ज्यांच्या रक्तात ते सर्वाधिक होतं, त्यांना धोका पाचपट. ज्या तेव्हा त्याहून मोठ्या होत्या, त्यांच्यात असा संबंध आढळला नाही. मला हा निष्कर्ष आपल्यासाठी फार जवळचा वाटतो. 1953 पासून हिवतापाच्या मोहिमेत भारतातल्या घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारलं गेलं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यात ते अनेक वर्षं बनत होतं. त्या फवारणीनं असंख्य जीव वाचवले, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात ठेवाव्या लागतात.

धोक्याचं प्रमाणही सोडून चालणार नाही. स्तनाचा कर्करोग होण्यामागे बाहेरच्या रसायनांपेक्षा बाईच्या स्वतःच्या इस्ट्रोजेनचा वाटा मोठा आहे. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पहिलं मूल उशिरा होणं, मुलं कमी असणं, अंगावर पाजण्याचा काळ कमी असणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, या सगळ्यांनी धोका वाढतो. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी आहे, त्याचा मोठा भाग यातूनच समजतो. आणि ज्यांना हा आजार झाला आहे, त्यांच्यासाठी हीच यंत्रणा उपयोगी पडते. गाठीत इस्ट्रोजेनचं ग्राहक प्रथिन सापडलं, म्हणजे अहवालात ईआर पॉझिटिव्ह आलं, तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी ते प्रथिन अडवून धरते. ही गोळी डॉक्टरांना न विचारता कुणीही सोडू नये.

पण बाहेरचा वाटा कमी आहे, म्हणून तो सोडून द्यायचा का? पाळी केव्हा यावी, हे कुणाच्या हाती नसतं. कारखान्यानं डब्यात काय मिसळावं, हे सरकारच्या हाती असतं. युरोपनं 2003 साली नोनिलफेनॉलवर कडक निर्बंध आणले. 2023 साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं बिस्फेनॉल-एची रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या वीस हजाराव्या भागावर आणली आणि 2024 च्या अखेरीस तिथे अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी आली. भारतीय मानकांनुसार बाळाच्या दुधाच्या प्लॅस्टिक बाटलीत बिस्फेनॉल-ए चालत नाही. पण तेवढंच पुरेसं नाही. शिवाय बाजारात 'बीपीए-फ्री', म्हणजे बिस्फेनॉल-ए नसलेलं, म्हणून जे विकलं जातं, त्यात कित्येकदा बिस्फेनॉल-एस असतं, आणि तेही पेशींच्या चाचणीत इस्ट्रोजेनसारखंच वागतं.

घरी एवढं जरूर करावं: गरम भाजी-आमटी प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नये, मायक्रोवेव्हमध्ये काच वापरावी, आणि घरात गरोदर बाई किंवा वयात येणारी मुलगी असेल तर हे अधिक कटाक्षानं पाळावं. पण प्रत्येक आईनं रसायनशास्त्र शिकावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. अन्नाला, पाण्याला किंवा औषधाला लागणाऱ्या प्रत्येक प्लॅस्टिकमध्ये काय काय घातलं आहे, ते उत्पादकानं छापलंच पाहिजे आणि बदल केला तर कळवलंच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे व्हायला हवा. धंद्याचं गुपित हे कारण इथे चालू देऊ नये. ग्राहक संघटनांनी, स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि कर्करोग रुग्णालयांनी ही मागणी मिळून सरकारपुढे ठेवावी, आणि वाचकांनी आपल्या आमदार-खासदारांना तिच्याबद्दल विचारावं.