बोलून काय होणार?

मध्य प्रदेशातल्या देवास-धारकडच्या मराठी घरांत मनाची तक्रार बहुधा शरीराच्या नावाने येते. डोकं जड आहे, झोप नाही, छातीत घबराट होते. मग ईसीजी, रक्ततपासणी, टेकडीवरच्या माताजीला नवस. मानसोपचाराचं नाव निघालं की मात्र घरातून एकच प्रश्न: "त्याला काय वेड लागलंय?"

निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. त्यात देशातल्या दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला. याशिवाय जोडीदाराचा मृत्यू, दारू, बाळंतपणानंतरची उदासी, घरातली रोजची धुसफूस यांसाठीही लोक समुपदेशकाकडे जातात, आणि त्यांनी जायलाच हवं.

पण नुसतं बोलून काय होणार? समजा, देवासचे एक निवृत्त काका आहेत. काकू गेल्यापासून त्यांनी सकाळी टेकडीवर जाणं सोडलं. त्यामुळे माणसं भेटेनाशी झाली, मन आणखी खचलं, आणि खचलेल्या मनाने ते घरातच बसू लागले. या चक्रात अडकलेल्या माणसाला समुपदेशक "हिंमत धरा" असं सांगत बसत नाही. तो काकांना एक तक्ता देतो: दिवसभरात काय केलं, तेव्हा कसं वाटलं. दूध आणायला गेले त्या सकाळी थोडं बरं वाटल्याचं त्यात दिसतं. मग पुढच्या आठवड्यासाठी एवढंच ठरतं की टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायचं. इच्छा होण्याची वाट पाहायची नाही. पाय आधी, मन मागून.

'संगत' संस्थेने गोव्यात हीच पद्धत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नैराश्य बरंच वाढलेल्या ४९५ रुग्णांवर तपासली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं होती. फक्त सहा ते आठ बैठका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी, बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं; ज्यांना या बैठका मिळाल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. मानसोपचार जन्मभर चालतो, हा समज इथे मोडतो. पुढे देवासला लागूनच असलेल्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांनाही हे काम शिकवलं गेलं.

अर्थात बैठका मिळालेल्यांपैकीही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रुग्णांचं नैराश्य तेव्हा ओसरलं नव्हतं. तीव्र आजारात मनोविकारतज्ज्ञ आणि गोळ्या लागतातच, आणि त्या घेण्यात कमीपणा नाही.

छोट्या गावात खरी भीती वेगळी असते: गोष्ट चार लोकांत जाईल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जीवाला धोका असल्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ज्यांना तरीही कुणाच्या नजरेला पडायचं नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून 'टेलि-मानस' या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे आणि घरूनच करता येतो.