ऑक्सिजनचाही डोस असतो

जुनाट दमेकऱ्याला धाप लागली, ओठ निळे पडले की घरच्यांचं पहिलं मागणं असतं, “ऑक्सिजन फुल्ल सोडा!” मागणं साहजिक आहे. पण हा दमा म्हणजे सीओपीडी असेल, वर्षानुवर्षं विडीच्या नाहीतर चुलीच्या धुराने फुप्फुसं निकामी होत आली असतील, तर तेच जिवावर बेतू शकतं.

अशा फुप्फुसांत खराब भागाकडच्या रक्तवाहिन्या आकसून रक्त बऱ्या भागाकडे वळवतात. भसाभस ऑक्सिजन मिळाला की त्या सैल पडतात, रक्त पुन्हा निकामी भागात फिरतं आणि कार्बन डायऑक्साइड अंगात साठतो. बोटावरचा ऑक्सिमीटर ९९ दाखवतो, नातेवाईक निर्धास्त होतात, आणि रुग्ण मात्र गुंगीत जात असतो. साठलेला वायू त्या यंत्राला दिसतच नाही. त्यासाठी मनगटाच्या धमनीतलं रक्त तपासावं लागतं.

म्हणून या रुग्णांसाठी ऑक्सिमीटरवरचं लक्ष्य असतं ८८ ते ९२ टक्के. त्याखाली गेल्यास ऑक्सिजन द्यायचाच, पण बेताने. टास्मानियातल्या रुग्णवाहिकांत ४०५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सीओपीडीची खात्री असलेल्यांत, मोजून ऑक्सिजन मिळालेल्या गटातले मृत्यू भसाभस ऑक्सिजन मिळालेल्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होते.

मोजण्याची ही शिस्त नंदुरबारला वेगळ्या कारणाने लागली. कोरोनात जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभारला. त्याचा देशभर गवगवा झाला. त्यामानाने ‘ऑक्सिजन नर्स’ची कल्पना कमी गाजली, खरं तर जास्त शिकण्याजोगी तीच. पन्नास रुग्णांमागे एक परिचारिका. तिने खाटेखाटेवर जाऊन पातळी बघायची आणि गरजेपुरताच प्रवाह ठेवायचा. हेतू होता ऑक्सिजन वाया जाऊ नये हा. सीओपीडीच्या खाटेजवळ तोच फेरा रुग्णाला वाचवतो.

याच जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णालय गाठायला वेळ लागतो, तेव्हा हा हिशेब वाटेतच सुरू व्हायला हवा. रुग्णवाहिकेत नेब्युलायझर बहुधा ऑक्सिजनवरच चालतो. मिनिटाला सहा ते आठ लिटर, म्हणजे ‘वाफ’ देताना नकळत मोठा डोस! हवेवर चालणारं यंत्र नसेल तर सहा मिनिटांत ती वाफ थांबवावी, असं ब्रिटिश मार्गदर्शिका सांगते.