उसातलं घर

आज हिशेबाची वही बाजूला ठेवू आणि एका भीतीच्या सिनेमाबद्दल बोलू. भुताच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. खाडीवरचा गिऱ्हा, वाडीतला चकवा, विहिरीजवळची हडळ, सगळं आज्यांनी सांगून ठेवलंय. पण २०१७ साली आलेला ‘लपाछपी’ हा मराठी सिनेमा आपल्या गटांनी बघावा आणि बघून त्याच्याशी भांडावंही, असं आम्हाला वाटतं. दिग्दर्शक विशाल फुरिया. मुख्य कामं पूजा सावंत आणि उषा नाईक यांची.

गोष्ट थोडक्यात अशी. नेहा आठ महिन्यांची गरोदर. नवरा तुषार कर्जात बुडालेला आणि वसुलीवाले मारहाणीवर उतरलेले. म्हणून दोघं शहर सोडून ड्रायव्हर भाऊरावच्या घरी येऊन राहतात. घर उसाच्या मधोमध. भाऊरावची बायको तुळसाबाई नेहाचं सगळं बघते. मग नेहाला लपाछपी खेळणारी मुलं दिसायला लागतात. पुढचं सांगून मजा घालवत नाही. मुळाशी ‘मुलगी नको’ हा हट्ट आहे, एवढं सांगायला हरकत नाही.

हा सिनेमा कमी खर्चातला आहे, हे बघताना कळतं. एक घर, एक शेत, मोजकी माणसं. भीतीच्या सिनेमाला हे चालतं, उलट फायद्याचं ठरतं. अमेरिकेत १९७८ साली ‘हॅलोवीन’ आला. सुरा घेऊन फिरणारा मुखवटेवाला खुनी, एकेक करून पोरं मारतो, शेवटी एक मुलगी त्याला पुरून उरते. अशा सुरीबाज सिनेमांना तिकडे स्लॅशर म्हणतात. तो सुमारे तीन लाख डॉलरमध्ये झाला, म्हणजे तिकडच्या मानाने चिल्लरच. मुखवटाही दुकानातून आणून पांढरा रंगवलेला. आपल्याकडे रामसे बंधूंनी १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला जाऊन असाच काटकसरीने केला. सगळं घरदार सोबत, आणि घरातल्या बायकांनी स्वयंपाकही सांभाळला, असं त्या कुटुंबातलेच सांगतात. ती मजुरी खर्चात धरली असती तर काटकसरीचा आकडा केवढा झाला असता, हा प्रश्न आपल्या गटातली कुठलीही बाई विचारेल.

‘लपाछपी’ तसा सुरीबाज सिनेमा नव्हे. पण घडण तीच: बाई एकटी, घर आडबाजूला, बाहेर जायची वाट बंद. फरक असा की इथे मुखवटा लागत नाही. उषा नाईकांची तुळसाबाई आधी मायेने बोलते, खाऊपिऊ घालते, काळजी घेते. ‘पोटुशीने असं करू नये, तिकडे जाऊ नये’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. काळजी कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो हे नेहाला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. तेच खरं भय. भर दिवसा, उन्हात, हिरव्यागार उसात अंगावर काटा येतो. आपल्याकडे ऊस नाही, पण संध्याकाळी सुरूच्या बनातून एकटीने येणाऱ्या बाईला ते लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार पटली. सगळं सुरू होतं कर्जापासून. आठव्या महिन्यात बाई दवाखाना, ओळखीपाळखी, शेजार सोडून कुठे जाते? नवऱ्याने घेतलेल्या कर्जामागे जाते. कर्ज कधी घेतलं, किती घेतलं, यात तिचा शब्द असतो का? आपल्या किती जणींना घरावरचं सगळं देणं माहीत आहे? सिनेमा इथे थांबत नाही, भुताकडे धावतो. आम्हाला ते चुटपुट लावून गेलं.

आता कच्च्या बाजू. दचकवण्यासाठी मध्येच ढाणकन आवाज, हे दोनदा चालतं, मग कान किटतात. शेवटी मारहाण आणि रक्त आहे, आणि जे आधी नुसत्या नजरेने कळलं होतं ते पात्रं भाषणासारखं बोलून दाखवतात.

पण मोठी तक्रार वेगळी आहे. सगळं पाप त्या आडबाजूच्या घरात, जुन्या समजुतीत कोंडलं की शहरात बसून बघणारा सुटतो. खरा इतिहास तसा नाही. गर्भजल काढून मुलगा-मुलगी सांगायचा धंदा १९८० च्या सुमारास मुंबईच्या दवाखान्यांत फोफावला. तिथल्या बायकांनी आंदोलन केलं, म्हणून १९८८ साली देशातला असा पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ ला आला. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. हे हडळीने केलेलं नाही. शिकलेल्या माणसांनी, मशीन लावून, पैसे मोजून केलं.

दुसरं, भूत खरं दाखवलं की गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीकडे बघायची नजर बदलते. ‘तिला काहीतरी येतं’ म्हणून बाईला वाळीत टाकलं जातं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरवलाय, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. सिनेमा लावण्याआधी हे बोलून घ्या.

हिंदीत याच दिग्दर्शकाने २०२१ साली ‘छोरी’ नावाने हीच गोष्ट पुन्हा केली. खर्च जास्त, चकचकाटही जास्त. आम्हाला मराठीतली तुळसाबाईच जास्त घाबरवते.

गटात लावणार असाल तर गरोदर बायकांना आणि पोरांना बसवू नका. नुकतं बाळ गेलेली कुणी असेल तर तिला आधी विषय सांगा, जबरदस्ती नको. रात्री उशिरा नको, घरी परतायचं असतं. संपल्यावर लगेच उठू नका, अर्धा तास ठेवा. बायका पहिल्यांदा भुताबद्दल बोलतात, मग हळूच सासरबद्दल. त्या वेळी एक गोष्ट जरूर सांगा, कारण बऱ्याच जणी याच भीतीने गप्प असतात. गर्भलिंगतपासणीच्या कायद्यात, उलट सिद्ध होईपर्यंत, गरोदर बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच कोर्ट धरून चालतं. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते. जायचं असेल तर एकटीने जाऊ नका, गटातल्या दोघीतिघी सोबत घ्या.