एक्क्याची किंमत शेवटी ठरते

"सर, पाने तीच आहेत, पण उत्तरे दोन येतात."

नांदेडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला संगणक शिकणाऱ्या एका मुलीने गेल्या वर्षी मला हे सांगितले. ती मूळची अहमदपूरकडची. वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षे लातूरला राहून आलेली. प्रवेश हुकला होता. उत्तर चुकले म्हणजे आपली अक्कलच कमी, असे तिने मनाशी धरले होते. म्हणून तिची ही तक्रार मला महत्त्वाची वाटली.

पायथॉन शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘ब्लॅकजॅक’ या पत्त्यांच्या खेळाचे उदाहरण नेहमी असते. खेळाडूच्या हातातल्या पानांची एकूण किंमत काढायची. इथे एक खुलासा हवा. पाच-तीन-दोन किंवा मेंढीकोट खेळणाऱ्या आपल्या घरांत ‘हात’ म्हणजे जिंकलेली फेरी. इथे मात्र खेळाडूने धरलेली सगळी पाने मोजायची आहेत.

पानाला स्वतःची अशी किंमत नसते. ती खेळाचा नियम देतो. मेंढीकोटात दश्शीला मान, कारण तीच मेंढी. तीनशे चारमध्ये गुलाम ३० गुणांचा आणि राजा फक्त ३ गुणांचा. ब्लॅकजॅकमध्ये राजा, राणी, गुलाम प्रत्येकी १०, आकड्यांची पाने आकड्याइतकी. असा तक्ता ठेवायला पायथॉनमध्ये ‘डिक्शनरी’ नावाची रचना असते : डावीकडे पानाचे नाव, उजवीकडे किंमत. खेळ बदलला की फक्त तक्ता बदलायचा. पायथॉन ३ मध्ये ‘एकूण’, ‘एक्के’ अशी नावे थेट देवनागरीतही देता येतात. ‘इफ’, ‘फॉर’ हे शब्द तेवढे इंग्रजीच राहतात. नवशिक्याची पहिली ठेच बहुधा वेगळीच असते. वापरणाऱ्याने टंकलेला ५ हा यंत्राला आकडा नसून अक्षर वाटतो. तसे दोन ५ जोडले की १० ऐवजी ५५ मिळतात. बेरजेआधी अक्षराचा आकडा करून घ्यावा लागतो.

हे सगळे त्या मुलीला जमले होते. अडले ते एक्क्यापाशी. एक्का १ किंवा ११ धरता येतो. बेरीज २१ च्या वर जाऊ न देता जे जास्त ते घ्यायचे. तिने नियम असा लिहिला : एक्का आला की पाहा, ११ मिळवून बेरीज २१ च्या आत राहते का? राहिली तर ११, नाही तर १.

एक्का, पाच, नऊ ही पाने घेऊ. एक्का आधी आला तर ११, मग १६, मग २५. डाव बुडाला. नऊ, पाच, एक्का असे आले तर १४, आणि एक्क्याचा १ धरून १५. डाव शाबूत. तीन पानांचे सहा क्रम होतात. त्यांपैकी एक्का शेवटी येणाऱ्या दोनच क्रमांत तिचे उत्तर बरोबर येत होते.

चूक बेरजेत नव्हती, निर्णयाच्या वेळेत होती. पुढची पाने न पाहताच एक्क्याची किंमत ठरवून टाकली होती. उपाय सोपा आहे. आधी प्रत्येक एक्का १ धरून सगळी बेरीज करा. मग पाहा : एकतरी एक्का आहे का, आणि बेरीज ११ किंवा त्याहून कमी आहे का? दोन्ही खरे असेल तर १० मिळवा. एकदाच, कारण दोन एक्के ११ धरले की तेच २२ होतात. चार एक्के आले तर ४ अधिक १०, म्हणजे १४.

ब्लॅकजॅक परका वाटत असेल तर तेरा पानांची रमी आठवा. हातात सुटी राहिलेली बदामाची राणी दहा गुणांना पडते. बदामाच्याच गुलाम आणि राजाच्या मध्ये बसली की तिचे शून्य होते. इथेही पानाची किंमत शेजारी ठरवतात. रमीचा प्रोग्रॅम अधिक अवघड, कारण एकच पान दोन जुळण्यांत बसू शकते आणि सगळ्या मांडण्या तपासून पाहाव्या लागतात.

लातूर पॅटर्नने सरावाची शिस्त दिली, ती मोलाचीच. पण चार पर्यायांतून एक निवडताना ‘क्रम बदलला तर?’ असे विचारायची वेळ येत नाही. या मुलीने ते स्वतःहून विचारले होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हाच प्रश्न सर्वांत आधी पडायला हवा, हे मी तिला सांगितले. तिचा त्यावर चटकन विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. सहाही क्रम एकाखाली एक लिहिलेले, प्रत्येकापुढे १५. खाली तिने सातवी ओळ जोडली होती, ती मी सांगितली नव्हती : हातात एकही पान नसेल तर?

उत्तर शून्य आले होते. तेही बरोबर होते.