परसातील परात

चौसाळ्याचा उन्हाळा कडक. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आमच्या घरीही पाणी मोजूनच वापरत. तरी परसात लिंबाच्या बुंध्याशी एक परात भरलेली असे. साळुंक्या, होले, सातभाई येत. एक धीट खारही येई.

उन्हात चोच उघडून धापा टाकणारा पक्षी तुम्ही पाहिला असेल. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. घशातील ओलाव्याचे बाष्पीभवन होते आणि दर ग्रॅममागे सुमारे 575 कॅलरी उष्णता शरीरातून जाते. गेलेले पाणी भरून काढायला हवेच.

"अहो, पाखरं केवढं पितात!" घरातून तक्रार आली. मी पट्टी लावली. दिवसात पातळी 1 सेंटिमीटर उतरली. परातीचा व्यास 30 सेंटिमीटर. म्हणजे सुमारे 700 घनसेंटिमीटर पाणी गेले. शेजारी तशीच परात जाळीने झाकून ठेवली. तीही जवळजवळ तेवढीच उतरली! पाखरांवर उगीच आळ आला होता.

मग 20 सेंटिमीटर व्यासाचे जर्मनचे भांडे ठेवले. पृष्ठभाग निम्म्याहून कमी, तसे उडणारे पाणीही. पाहुणे तेच राहिले. फक्त सातभाईंची भांडणे वाढली.

पावसाळ्यात भांड्याकडे कुणी फिरकत नाही. तेव्हा आफ्रिकेकडून आलेला चातक लिंबावर ओरडतो. थंडीत शेपटी हलवीत धोबी येतो, आणि भांडे पुन्हा घासून ठेवावे लागते.