पहाटेची हवा शुद्ध? शहरात नव्हे!

दिवाळी उलटली की आपल्याकडचे अनेक ज्येष्ठ मुलांकडे मुंबई-पुण्याला महिना-दोन महिने राहायला जातात. त्यांतले काही दमेकरी परतल्यावर खोकला आणि धाप घेऊन माझ्याकडे येतात. ‘डॉक्टर, तिथेही पहाटे पाचला नेमाने फिरायला जात होतो,’ असे वर सांगतात. खरी गोम इथेच आहे.

थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार व जड होते. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वाहनांचा धूर व धूळ खालीच कोंडून राहते. ऊन पडून जमीन तापली की हे झाकण उघडते. म्हणून शहरात चांगले ऊन पडल्यावरच फिरायला जावे, तेही हमरस्ता सोडून.

या धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, हृदयविकारही बळावतो. नाकाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क अडवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक दिसतो. नातवाला तो रोज पाहायला सांगा. २००च्या वर असल्यास दमेकरी व हृदयरुग्णांनी घरातच चालावे.

घरात झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. बंद खोलीत डासांची कॉइल वा धूप जाळू नये. आणि गावाला निघताना इनहेलर विसरू नका; बरे वाटते म्हणून तो परस्पर बंदही करू नका.